क्रम बदलू नये

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीचं चलन-डिस्पॅचचं सॉफ्टवेअर आम्ही सांभाळायचो. लिहिलं होतं आमच्या आधीच्या कुणीतरी. ते गृहस्थ पुण्याला निघून गेले आणि आमच्याकडं फक्त सांभाळणं आलं. आजोबांचं भिंतीवरचं घड्याळ सांभाळतात तसं: किल्ली द्यायची, मागचं झाकण उघडायचं नाही. त्या सॉफ्टवेअरच्या मुख्य पानाच्या तळाशी जावास्क्रिप्टच्या 31 फायली स्क्रिप्ट टॅगनं एकीखाली एक जोडलेल्या होत्या. सगळ्यात वर जेक्वेरी नावाची लायब्ररी, मग तिच्या लेकी-सुना, मग तारखेचं कॅलेंडर, मग वजनाचा हिशेब, मग चलन. आणि या सगळ्यांच्या डोक्यावर त्या अज्ञात पूर्वजानं चक्क मराठीत एक ओळ लिहून ठेवलेली: 'क्रम बदलू नये.'

कारण दिलेलं नव्हतं. एसटीत 'चालकाशी बोलू नये' लिहिलेलं असतं, तिथं तरी कारण कुठं दिलेलं असतं?

2018 च्या दिवाळीपर्यंत मी त्या ओळीचा मान राखला. दिवाळीत पुण्याचा मित्र आला. रंकाळ्यावर भेळ खाता खाता त्यानं विचारलं, "तुम्ही अजून स्क्रिप्ट टॅगच वापरता?" 'तुम्ही अजून बंबात पाणी तापवता?' या चालीवर. रागावला असता तर चाललं असतं, पण त्याच्या आवाजात कणव होती. कोल्हापूरचा माणूस शिवी पचवतो, पुण्याची कणव पचवत नाही. तिथंच, भेळेचा कागद चुरगळत, मी ठरवलं की आपल्या फाउंड्रीच्या चलनाला वेबपॅक लावायचं. फाउंड्रीनं मागितलं नव्हतं. साहेबांनी सांगितलं नव्हतं. चलन व्यवस्थित छापलं जात होतं. म्हणजे काम हाती घ्यायला एकही सबळ कारण नव्हतं, आणि आमच्या धंद्यात अशीच कामं माणूस जीव ओतून करतो.

ज्यांचा या भानगडीशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. जावास्क्रिप्ट ही भाषा ब्रेंडन आइक नावाच्या माणसानं 1995 च्या मे महिन्यात दहा दिवसांत उभी केली. आपल्याकडं दहा दिवसांत मांडवसुद्धा उतरत नाही. त्या घाईत एक गोष्ट राहून गेली: घरात खोल्याच काढल्या नाहीत. प्रत्येक फाइल आपलं सामान एकाच सामाईक अंगणात मांडायची. एकीनं 'टोटल' नावाची घागर ठेवली, दुसरीनं त्याच नावाची ठेवली, की पहिलीचं पाणी गेलं. म्हणून तर क्रमाला महत्त्व: जी आधी आली तिच्या जिवावर मागची उभी. भाषेच्या प्रमाणात स्वतंत्र खोल्या, म्हणजे मॉड्यूल, आल्या थेट 2015 मध्ये. वीस वर्षं भाऊबंदकी एका अंगणात नांदली.

मधल्या काळात लोकांनी आपापले उपाय काढले. त्यातला गाजलेला उपाय म्हणजे बंडलर. टोबियास कॉपर्स या जर्मन माणसानं 2012 मध्ये वेबपॅक सुरू केलं. गूगलच्या एका जावा साधनात कोडचे तुकडे पाडून लागेल तेव्हा तेवढाच तुकडा आणायची सोय होती, ती त्याला जावास्क्रिप्टमध्ये हवी होती. तुम्ही बंडलरला एक फाइल दाखवायची. ती कुणाकुणाला बोलावते, ते पुढं कुणाला बोलावतात, असा सगळा गोतावळा तो शोधून काढतो आणि सगळ्यांना क्रमानं एका फायलीत बसवतो. ज्याला कुणीच बोलावलं नाही, त्याला गाळायची सोयही असते. त्याला ट्री शेकिंग म्हणतात, झाड हलवून वाळली पानं पाडणं.

हे मी इतक्या सोप्या भाषेत सांगू शकतो, कारण मी ते मामांना सांगितलं होतं. मामांचं करवीर तालुक्यात गुऱ्हाळ आहे. डिसेंबरात गेलो तेव्हा चरक्यावर ऊस चालू होता, चुलवाणात चिपाडाचा जाळ धडधडत होता आणि काहिलीतल्या रसावरची मळी काढणं चाललं होतं. भेंडीचं पाणी टाकलं की मळी वर येते, ती झाऱ्यानं उचलायची. मला तो सगळा देखावा वेबपॅकचाच वाटला.

"मामा, आमचं काम डिट्टो तुमच्यासारखं," मी म्हणालो. "एकतीस शेतांतला ऊस घालायचा आणि एक ढेप काढायची."

"मळी कोण काढतंय?"

"यंत्रच काढतं."

"आणि गुळव्या कोण?"

"मीच."

मामांनी काहिलीकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. पाक उतरवायची वेळ गुळव्याला कळावी लागते. थोडा पाक गार पाण्यात टाकून त्याची गोळी होते का ते तो बोटांनी बघतो. लवकर उतरवला तर गूळ धरत नाही. "मग असं कर," मामा म्हणाले, "ढेपंचं सोड. काकवी न्यायला बरणी आणलीयास न्हवं?"

त्या बरणीनंच पुढं माझा पहिला घात केला.

आमचं सॉफ्टवेअर जावाचं, आणि ते बांधायचं, म्हणजे बिल्डचं, काम मेव्हनचं. मेव्हन हा यिद्दिश भाषेतला शब्द, अर्थ 'जाणकार'. कागद हातात आला की मेव्हन सरकारी कचेरीसारखा टप्प्याटप्प्यानं पुढं सरकवतो. मूळ क्रमात एकूण 23 टप्पे आहेत, आणि 'मधला एक गाळून पुढचा करा' असं म्हणायची सोय नाही. साहेबांनी अट घातली: "काय नवं आणायचं ते आण. पण बिल्डची कमांड एकच राहिली पाहिजे, आणि मशिनवर नोड-बिड काही वेगळं बसवायचं नाही." यावर उतारा होता. आयरिक स्लेटेबर्ग यांचं फ्रंटएंड-मेव्हन-प्लगिन. हे प्लगिन प्रोजेक्टच्या फोल्डरमध्येच जावास्क्रिप्ट चालवणारं नोड आणि पॅकेजेस आणणारं एनपीएम उतरवून घेतं, लागणारी पॅकेजेस आणतं, वेबपॅक चालवतं आणि कागद परत मेव्हनच्या हातात देतं. थोडक्यात, जावाच्या वाड्यात जावास्क्रिप्टला घरजावई करून घेणं. जावई परसात राहील, तिथंच जेवेल, गावाला कळणार नाही.

जावयाला मुहूर्त कुठला द्यायचा, हे मात्र तुम्ही सांगायचं असतं. 23 पैकी कुठल्या टप्प्यावर प्लगिन चालावं, ते लिहावं लागतं. मला टप्प्यांच्या यादीत 'पॅकेज' हा शब्द दिसला. वेबपॅकमध्ये पॅक, पॅकेजमध्येही पॅक. मी डोळे झाकून तिथं बांधलं.

'पॅकेज' टप्प्यात मेव्हन सगळा माल जार फायलीत भरतो. जार म्हणजे बरणी. आणि एकाच टप्प्यावर मेव्हनचं स्वतःचं नेमून दिलेलं काम आणि आपण बांधलेलं काम असली, तर मान पहिला घरच्याचा. म्हणजे मेव्हन बरणी भरून झाकण लावणार, आणि त्यानंतर माझं वेबपॅक घामाघूम होऊन लोणचं घेऊन येणार. लोणचं बरणीच्या शेजारी. पुढच्या बिल्डला ते शेजारी पडलेलं कालचं लोणचं बरणीत जायचं, आणि आजचं पुन्हा बाहेर.

याचा अनुभव असा यायचा की मी बटणाचा रंग हिरवा करावा आणि तो बदलू नये. मग मी मजकूर बदलावा, तर मजकूर तोच राहून बटण हिरवं व्हावं. चार दिवस मी एक बदल मागं असं जगलो. आणि आधी सगळं पुसून बिल्ड करणारी 'क्लीन' कमांड दिली, की पानावर काहीच नसायचं. यातून मी जो निष्कर्ष काढला तो नम्रपणे नोंदवतो. मी एका पिवळ्या चिठ्ठीवर 'बिल्ड दोनदा मारावा. क्लीन मारू नये' असं लिहून ती मॉनिटरला चिकटवली. सगळ्या ऑफिसनं आठवडाभर ते पाळलं. शास्त्रं अशीच तयार होत असावीत.

शेवटी शिवाजी विद्यापीठातून आलेल्या आमच्या शिकाऊ मुलीनं विचारलं, "सर, लॉगमध्ये जार आधी दिसतीय आणि वेबपॅक नंतर. असंच असतं का?" लॉग म्हणजे बिल्ड चालू असताना पडद्यावर सरकणारा मजकूर. मी आठ वर्षं तो सरकताना बघत होतो. वाचायचा असतो, हे तिच्याकडून कळलं. प्लगिन 'जनरेट-रिसोर्सेस' या खूप आधीच्या टप्प्यावर हलवलं आणि बरणी नीट भरू लागली. चिठ्ठी मी गुपचूप काढली. तिनं ती काढताना बघितलं.

एवढ्यावर थांबलो असतो तर हा लेख झाला नसता. पण मला आणखी एक सोय सुचली. वेबपॅकला 'वॉच' असा एक शब्द जोडता येतो. तो जोडला की वेबपॅक एकदा काम करून थांबत नाही, फायलींवर नजर ठेवून बसतं; तुम्ही कुठं स्वल्पविराम बदलला की लगेच पुन्हा बांधतं. बदल करत बसलेल्या माणसाला ही फार सुखाची गोष्ट. माझ्यासाठी एक आणि मेव्हनसाठी एक, अशा दोन वेगळ्या आज्ञा लिहायला हव्या होत्या. मी म्हटलं, कशाला दोन? एकाच आज्ञेत 'वॉच' घालू, दोन्ही कामं होतील. पंगतीला एकच आमटी.

जानेवारीतला शुक्रवार होता. शनिवारी सकाळी फाउंड्रीत मालकांसमोर दाखवायचं होतं. संध्याकाळी सातला मी राजारामपुरीतल्या ऑफिसात शेवटचा बिल्ड मारला. नोड उतरलं. पॅकेजेस आली. वेबपॅक चाललं. आणि सगळं थांबलं. एरर नाही, काही नाही. कर्सर लुकलुकतोय.

पहिला अर्धा तास मी समाधानात होतो. मोठं काम आहे, वेळ लागणारच. साडेआठला इंटरनेटवर संशय घेतला आणि राउटर बंद-चालू केला. नऊला अँटिव्हायरस बंद केला. सव्वानऊला घरून फोन आला. बायको म्हणाली, "मी जेवलो. तुमचं झाकून ठेवलंय." (बाहेरगावच्या वाचकांनी दचकू नये, आमच्याकडं बायकाही जेवलो, आलो, गेलोच म्हणतात.) दहाला शेजारच्या टेबलावरच्या मशिनमधली रॅम काढून माझ्या मशिनला लावली. अकराला ती परत काढून ज्याची त्याला लावली, कारण आता ते मशिनही चालू होईना. बाराला मला 22 मार्च 2016 आठवला. त्या दिवशी एका प्रोग्रामरनं एनपीएमवरून 'लेफ्ट-पॅड' नावाचं आपलं 11 ओळींचं पॅकेज काढून घेतलं आणि जगभरचे बिल्ड कोसळले होते. मला खात्री पटली की आज पुन्हा तसंच काहीतरी झालंय, आणि पहिला फटका राजारामपुरीला बसलाय. बातम्या बघितल्या. जगात सगळं ठीक होतं.

साडेतीनला खालचे वॉचमनकाका वर आले. दिवा दिसला म्हणून.

"साहेब, अजून हायसा व्हय? काय अडलंय?"

"बिल्ड संपत नाही काका."

ते खुर्चीमागं उभे राहिले. पडद्यावर शेवटी एकच ओळ होती, वेबपॅकनं स्वच्छ इंग्रजीत लिहिलेली. साडेआठ तास ती माझ्यासमोर होती. काका एकेक अक्षर लावू लागले. "डब्ल्यू... ए... टी... सी... एच." मग त्यांनी आपल्या खिशावरच्या शिवलेल्या पट्टीवर बोट ठेवलं. "हे आमचंच की. हे बी राखणीला बसलंय जणू?"

मी म्हणालो, हो, ते फायलींवर नजर ठेवतंय.

"मग त्याची ड्यूटी कवा सुटती?"

मी काही बोललो नाही.

"न्हाई, सुटल्याबिगर घरला कसं जाईल त्ये?" असं म्हणून काका जिना उतरले.

वेबपॅकचं काम संध्याकाळी सातलाच, आठ सेकंदांत झालं होतं. नंतर ते सांगितल्याप्रमाणं राखण करत बसलं. प्लगिन त्याच्या उठण्याची वाट बघत होतं, मेव्हन प्लगिनची, आणि मी मेव्हनची. 'चर्चेचं गुऱ्हाळ' म्हणतात ते हेच: चरका फिरतोय, ऊस कधीच संपलाय. मी तो एक शब्द पुसला. बिल्ड 41 सेकंदांत संपला. पहाटे गंगावेशीत जाऊन म्हशीचं धारोष्ण दूध प्यालो आणि स्वतःचं अभिनंदन केलं. ते का केलं, हे आता सांगता येत नाही.

शनिवारी दहाला शिरोलीत. मालक, त्यांचा आयटी बघणारा पोरगा, आणि डिस्पॅचचे काका, जे रोज ते सॉफ्टवेअर वापरतात. मला नुसतं पान दाखवायचं नव्हतं. एका कमांडीत सगळं कसं बांधलं जातं, ते त्यांच्याच सर्व्हरवर करून दाखवायचं होतं. कमांड दिली. प्लगिन नोड आणायला इंटरनेटवर निघालं. कारखान्याच्या सर्व्हरला बाहेरचं इंटरनेटच नव्हतं. जावयाला वेशीवरच अडवला.

मी म्हटलं काही नाही, माझ्या लॅपटॉपवरचं सगळं फोल्डर पेनड्राइव्हवरून आणतो. ज्यांनी 'नोड-मॉड्यूल्स' हे फोल्डर कधी पेनड्राइव्हवर टाकलेलं नाही, त्यांनी टाकून बघू नये. त्यात मोठं काहीच नसतं. हजारो हजारो चिमुकल्या फायली, मुंग्यांची रांग. 'दोन तास उरले', 'चार तास उरले', 'एक मिनिट उरलं', 'पाच तास उरले'. तीन चहा झाले. मालक ओतकाम बघायला गेले. भट्टीतून धातू काढून साच्यात ओतून झाला, माझ्या फायली 'व्ही' अक्षरापर्यंतसुद्धा पोचल्या नव्हत्या.

आयटीचा पोरगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सर, बांधलेली जार हाय न्हवं तुमच्या लॅपटॉपवर? तीच ठेवूया की. एकच फाइल हाय."

ती ठेवायला मिनिटही लागलं नाही. पान उघडलं. हिरवं बटण. झरकन. मालक परत आले, म्हणाले, "बरं दिसतंय."

गेटवर चाकणला जाणारा ट्रक उभा होता. डिस्पॅचच्या काकांनी खऱ्या चलनाचा माल भरला, वजन टाकलं आणि 'सेव्ह' दाबलं. काही झालं नाही. त्यांनी जरा जोरात दाबलं. मग त्यांनी चष्मा काढून दाबलं.

हे का झालं, ते मला ताबडतोब कळलं. जुन्या पानात प्रत्येक बटणावर लिहिलेलं होतं: मला दाबलं की अंगणात जा आणि 'सेव्हचलन' अशी हाक मार. आणि मी वेबपॅक लावून प्रत्येकाला खोली दिली होती. सेव्हचलन आता आपल्या खोलीत, दाराला आतून कडी. बटण रिकाम्या अंगणात हाका मारतंय. 31 फायलींतल्या सगळ्या बटणांची हीच गत. आमच्या ऑफिसात हे का दिसलं नाही? कारण तिथं मी फक्त पान उघडून रंग बघत होतो. सेव्ह दाबायची वेळच आली नाही. आमच्या गेटवर कधी ट्रक उभा नसतो.

ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. काकांनी ड्रॉवर उघडला, कार्बन घातलेलं जुनं चलनबुक काढलं, पेन झटकलं आणि मोत्यासारख्या अक्षरात चलन लिहिलं. ट्रक गेला. मी जुनी जार परत ठेवली. त्याला चार मिनिटं लागली. 31 टॅग, त्याच क्रमानं, लगेच कामाला लागले.

मी अजून दोन आठवडे घालवले. साहेबांनी पगारातून कापले नाहीत, पण त्या दोन आठवड्यांबद्दल ते आजही लग्नकार्यात बोलतात. उपाय माहीत होता: बटणं नव्या पद्धतीनं जोडायची. पण ती दोनशेच्या वर होती. मग मी दुसरा उपाय केला. एक नवी फाइल बनवली आणि प्रत्येक खोलीतल्या माणसाला एकेका ओळीनं उचलून परत अंगणात आणून उभं केलं. जेक्वेरी सगळ्यात आधी, मग तिच्या लेकी-सुना, मग कॅलेंडर, मग वजन, मग चलन. दोन ओळींची अदलाबदल करून बघितली, तर सेव्ह पुन्हा बंद.

फाउंड्रीत आज तीच आवृत्ती चालते. पूर्वीच्या 31 ओळींच्या जागी 58 आहेत. त्यांच्या डोक्यावर मी मराठीत एक ओळ लिहिली आहे. कारण दिलेलं नाही.